मलावीत डॉलर का मिळत नाहीत, आणि तिथली रिझर्व्ह बँक नेमकं काय करते

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत छोटा औषध कारखाना चालवणाऱ्या एका उद्योजकांचा प्रश्न आहे. आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या वितरकाला त्यांनी उधारीवर गोळ्या आणि सिरप पाठवले. माल पोहोचला, विकला गेला. वितरकाने पूर्ण रक्कम स्थानिक चलनात, म्हणजे क्वाचात, आपल्या बँकेत भरली आणि पावतीही पाठवली. पण डॉलर काही येत नाहीत. बँक सांगते, तुम्ही रांगेत आहात. या उद्योजकांचं म्हणणं असं: "तिथे रिझर्व्ह बँक आहे, तिने व्याजदर २६ टक्क्यांवर नेलाय, डॉलरचा भाव १,७५० क्वाचाच्या आसपास बांधलाय. मग त्या भावाने डॉलर द्यायला अडचण काय? ही बँक करते तरी काय? आणि माझे पैसे बुडाले असं धरू का?"

शेवटचं आधी सांगतो. बुडाले असं लगेच धरू नका, पण ती पावती हातात आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. का, ते पुढे येईल. मी मलावीतल्या ब्लँटायर शहरात एका व्यापारी बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे डॉलरची खरेदी-विक्री बघणाऱ्या विभागात, बरीच वर्षं होतो. तुमच्या वितरकासारख्यांचे अर्ज रोज टेबलावर यायचे, त्यामुळे ही रांग मी आतून पाहिली आहे.

तुमचा प्रश्न व्याजदराचा वाटतो, पण मुळात तो डॉलरच्या साठ्याचा आहे. रिझर्व्ह बँक म्हटलं की आपल्यासमोर मुंबईतली बँक येते. तिच्या गंगाजळीत आज ६०० अब्ज डॉलरच्या वर परकीय चलन आहे. कुठल्या आयातदाराला डॉलर मिळाला नाही, ही गोष्टच आपण विसरून गेलोय. १९९१ साली आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते आणि सोनं विमानाने बाहेर पाठवून गहाण टाकावं लागलं होतं, ते आठवा. मलावीची रिझर्व्ह बँक गेली काही वर्षं जवळपास कायम त्याच अवस्थेत आहे. स्वतःच्या हातातली गंगाजळी एक महिन्याच्या आयातीलाही पुरत नाही, असे काळ तिने वारंवार काढलेत. क्वाचा ती हवा तेवढा छापू शकते. डॉलर तिला कुणीतरी आणून द्यावा लागतो.

तो आणून कोण देतं? मुख्यतः तंबाखू. देशाची मालाची निर्यात साधारण एक अब्ज डॉलर, आयात त्याच्या तिप्पट, आणि निर्यातीतला सगळ्यात मोठा वाटा तंबाखूचा. २०२४ च्या हंगामात तंबाखूने सुमारे ४० कोटी डॉलर आणले, आणि ते वर्ष चांगलं मानलं गेलं. राजधानी लिलाँग्वेजवळ कानेंगोला लिलावाचे मोठे हॉल आहेत. गोणपाटात बांधलेल्या गाठींच्या लांबच लांब ओळी, प्रत्येक गाठीवर चिठ्ठी, त्या चिठ्ठीवर प्रत आणि किलोमागचा भाव. भाव लिहिलेला असतो अमेरिकी सेंटमध्ये! खरेदीदार ओळीतून चालत जातात आणि चिठ्ठ्यांवर आकडे पडत जातात. बराचसा माल हल्ली कराराने आधीच ठरलेला असतो. पान घेणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. त्या डॉलर देशात आणतात, बँकांना विकतात, आणि शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतो तो क्वाचा, तोही खताबियाण्याचं कर्ज वळतं करून घेतल्यावर.

बाजार उघडतो मार्च-एप्रिलमध्ये आणि जुलै-ऑगस्टपर्यंत चालतो. या महिन्यांत देशात डॉलर दिसतात. सप्टेंबरपासून खताची आयात सुरू होते, इंधन तर बारमाही लागतंच. डिसेंबर ते मार्च हा सगळ्यात वाईट काळ. मका अजून शेतात असतो, घरातला संपलेला असतो आणि बँकांकडे डॉलर नसतात. त्या देशातल्या रिझर्व्ह बँकेचं खरं कसब इथे लागतं. हंगामात डॉलर विकत घेऊन ठेवायचे आणि आडहंगामात थोडे थोडे सोडायचे. तुमच्या वितरकाने पैसे कोणत्या महिन्यात भरले हे तुम्ही लिहिलेलं नाही. नोव्हेंबरात भरले असतील तर चार-पाच महिने रखडणं अगदीच अपेक्षित होतं. मे महिन्यात भरूनही ऑगस्टपर्यंत काहीच हललं नसेल, तर मात्र अडचण हंगामाची नाही, दुसरी काहीतरी आहे.

आता भावाचं. बँकेची स्थापना १९६४ च्या कायद्याने झाली, क्वाचा १९७१ मध्ये आला, १९९४ मध्ये तो बाजारावर सोडण्यात आला. म्हणजे कागदोपत्री भाव बाजार ठरवतो. प्रत्यक्षात सरकारला तो हलू द्यायचा नसतो, कारण भाव हलला की पेट्रोल महागतं, खत महागतं, मग मका महागतो, आणि मका महागला की सरकार हलतं. मग भाव दाबून धरला जातो, साठा आटतो, पेट्रोल पंपांवर रांगा लागतात, आणि एके दिवशी भाव एकदम सोडावा लागतो. २०१२ च्या मे महिन्यात डॉलर १६७ वरून २५० क्वाचावर गेला. राष्ट्राध्यक्ष बिंगु वा मुथारिका यांचं एप्रिलमध्ये निधन झालं होतं, आणि त्यांनी नेटाने टाळलेला निर्णय त्यांच्या जागी आलेल्या जॉयस बांडांनी सत्तेवर येताच घेतला. २०२२ च्या मेमध्ये डॉलर आणखी २५ टक्क्यांनी वाढवला. २०२३ च्या नोव्हेंबरात तो १,१८० वरून १,७०० वर नेला. बातम्यांत या शेवटच्याला '४४ टक्के अवमूल्यन' म्हटलं गेलं. म्हणजे डॉलर ४४ टक्क्यांनी महागला. क्वाचाच्या बाजूने मोजलं तर घसरण ३० टक्क्यांच्या आसपास होते. तुमच्या हिशोबात हे दोन आकडे एकमेकांत मिसळू देऊ नका.

गंमत अशी की २०२३ नंतर भाव पुन्हा जवळपास तिथेच खिळला. अधिकृत दर १,७३०-१,७५० च्या घरात राहिला आणि बाहेरच्या बाजारात २०२५ मध्ये डॉलर ४,००० क्वाचाच्या पुढे गेला. आता तुम्ही तिथले निर्यातदार आहात असं समजा. तुमच्याकडे एक लाख डॉलर आहेत. बँकेत आणले तर साडेसतरा कोटी क्वाचा मिळतात, बाहेर त्याच्या दुप्पट-सव्वादोनपट. तंबाखूवाल्या कंपन्यांना पळवाट नसते, कारण त्यांचा व्यवहार सगळ्यांसमोर होतो. बाकीच्यांना असते. कुणी बीजक कमी रकमेचं करतो, कुणी पैसे दुबईत थांबवतो, कुणी सीमेपलीकडे रोखीत धंदा करतो. आयातीसाठी मात्र प्रत्येकाला १,७५० वालाच डॉलर हवा असतो, कारण तो निम्म्या किमतीचा माल आहे. म्हणून अधिकृत खिडकीवर विकणारा कुणी नाही आणि घेणाऱ्यांची गर्दी. दुष्काळात टँकर आल्यावर गावात जी अवस्था होते तीच इथे: पाणी फुकट, पण घागर भरेल की नाही ते तुम्ही कुठे उभे आहात आणि टँकरवाला कुणाला ओळखतो यावर.

मग ते भाव सोडून का देत नाहीत, असं तुम्ही विचाराल. तिथल्या बँकवाल्यांत यावर दोन तट असायचे. मी स्वतः सोडावा या बाजूचा आहे, पण तो नुसता सोडून भागत नाही हेही २०२३ ने दाखवलं. भाव एकदा ढकलला आणि पुन्हा बांधला, तर डॉलरवाला पुढच्या ढकलण्याची वाट बघत बसतो. २०१२ मध्ये सोडला आणि सुटाच राहू दिला, तेव्हा पंपांवर इंधन परत आलं. पण पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला महागाई ३५ टक्क्यांच्या वर गेली. बांडा २०१४ ची निवडणूक हरल्या. सरकारी तिजोरीतल्या लुटीचं प्रकरण, ज्याला तिथे 'कॅशगेट' म्हणतात, तेही मध्ये होतंच, त्यामुळे पराभवाचं सगळं खापर भावावर फोडता येत नाही. तरी कोणत्याही अर्थमंत्र्याच्या मनात ते साल राहतंच.

कॅशगेटचा आणखी एक परिणाम तुमच्या पैशांशी थेट जोडलेला आहे. २०१३ च्या आधी देणगीदार देश सरकारच्या अर्थसंकल्पाला थेट मदत द्यायचे. ते डॉलर रिझर्व्ह बँकेच्या खात्यात पडायचे आणि गंगाजळी भरायची. त्या प्रकरणानंतर त्यांनी हात आखडता घेतला. मदत येत राहिली, पण प्रकल्पांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या मार्फत, आणि या संस्थांची खाती व्यापारी बँकांत असतात. म्हणजे देशात डॉलर आहेत आणि रिझर्व्ह बँकेकडे नाहीत, अशी अवस्था आली. २०२३ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे साडेसतरा कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला होता. त्याने बाकीच्यांच्या मदतीचं दार उघडेल अशी आशा होती. दीड वर्षात एकही आढावा पूर्ण न झाल्याने २०२५ च्या मेमध्ये तो आपोआप बंद पडला. मधल्या काळात बँकेने आफ्रिकेतल्या प्रादेशिक बँकांकडून महाग कर्जं घेऊन वेळ मारून नेली होती. याआधी, २०१८ साली सुरू झालेल्या कार्यक्रमात साठ्याचे चुकीचे आकडे कळवले गेले होते, हेही नाणेनिधीने नंतर जाहीर केलं. म्हणून मी तिथल्या गंगाजळीचा आकडा बघताना नेहमी विचारतो, यातला किती हिस्सा आधीच कुणाला बांधून दिलेला आहे? रिझर्व्ह बँकेचीच देणी डॉलरमध्ये असली की भाव वाढवताना तिचा स्वतःचा ताळेबंदही फाटतो. हे कारण जाहीरपणे कुणी सांगत नाही.

आणि २६ टक्के व्याजदर? तो २०२४ च्या फेब्रुवारीत तिथवर गेला. आपल्याकडे रेपो दर पाव टक्का हलला की गृहकर्जाचा हप्ता हलतो, म्हणून आपल्याला वाटतं हे फार मोठं हत्यार आहे. मलावीत महागाई मोजण्याच्या टोपलीत निम्म्याहून जास्त वाटा अन्नाचा आहे. मक्याचा भाव पाऊस आणि खत ठरवतात, व्याजदर नव्हे. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी वादळाने दक्षिणेकडची शेतं वाहून नेली, ती कुठला व्याजदर परत आणणार होता? शिवाय बँकेकडून कर्ज घेणारे लोक थोडे. सगळ्यात मोठा कर्जदार सरकार, आणि त्याला दराची फिकीर नसते, कारण सरकारच्या हुंड्या, म्हणजे कर्जरोखे, कुणी घेतल्या नाहीत तर शेवटी रिझर्व्ह बँक आहेच. एका हाताने व्याज वाढवायचं आणि दुसऱ्या हाताने सरकारला क्वाचा पुरवायचा, यात पहिला हात हरतो. व्याजदर अगदी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. तो खाली आणला तर लोक क्वाचा टाकून आणखी जोरात डॉलर, सिमेंट, जमीन घ्यायला धावतील. पण तुमची रांग त्याने पुढे सरकत नाही.

बँकेची बाकीची कामं मात्र ती बऱ्यापैकी करते, आणि त्यांची बातमी होत नाही. २०१० च्या कायद्याने तिचा गव्हर्नर हाच सगळ्या वित्तसंस्थांचा निबंधक आहे. बँका, विमा, निवृत्तिवेतन निधी, शेअर बाजार, सूक्ष्मवित्त संस्था, सगळं एकाच छताखाली. आपल्याकडे रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा प्राधिकरण जे वेगवेगळं करतात ते तिथे एकच इमारत करते. लहान देशात तेवढी माणसंच नसतात, त्यामुळे हे शहाणपणाचंही आहे आणि धोक्याचंही. मोबाइलवरून पैसे पाठवण्याचं जाळं खेड्यापाड्यांत पोहोचलं, त्यावर देखरेखही तिचीच.

'आफ्रिकेतला छोटा देश' म्हणून सगळ्यांना एकच नियम लावू नका. लेसोथोचं लोटी हे नाणं दक्षिण आफ्रिकेच्या रँडला एकास एक बांधलेलं आहे आणि रँड तिथे थेट चालतो. तिथल्या मध्यवर्ती बँकेला स्वतःचं व्याजधोरण जवळपास नाहीच, तिने फक्त ही बांधणी टिकेल एवढा साठा राखायचा. सेनेगल, टोगो, बेनिनसारखे पश्चिम आफ्रिकेतले आठ देश मिळून एकच मध्यवर्ती बँक चालवतात, डाकारला, आणि त्यांचा फ्रँक युरोला जोडलेला आहे. तिथला ग्राहक पैसे थकवेल, पण 'डॉलर नाही' हे कारण इतक्या सहज देणार नाही. मलावीने स्वतःचं चलन, स्वतःचा भाव आणि स्वतःचा साठा हा अवघड रस्ता घेतला आहे.

आता तुमची रांग. आमच्याकडे सकाळी यादी यायची. आदल्या दिवशी किती डॉलर आले, कुणी विकले, आणि समोर अर्ज किती. येणारी रक्कम यादीच्या मानाने नेहमीच तुटपुंजी. आधी इंधन, मग खत, मग औषधं, मग कारखान्यांचा कच्चा माल, शेवटी गाड्या, फर्निचर, परदेशातल्या मुलांची फी. तुम्ही औषधांचे, म्हणजे वरच्या ओळीतले. पण त्यातही सरकारी औषध भांडाराची खरेदी एक आणि खासगी वितरकाची दुसरी. प्रत्येक अर्जाला बीजक, वाहतुकीची कागदपत्रं आणि सीमाशुल्काची नोंद जुळावी लागते. माल शेजारच्या मोझांबिकमधल्या बेइरा किंवा नाकालाच्या बंदरातून ट्रकने येतो. मध्ये कुठे वजनात किंवा रकमेत फरक पडला की अर्ज परत, आणि परत आलेला अर्ज पुन्हा शेवटी उभा राहतो. यादीवर 'साहेबांशी बोलणं झालंय' असा शेरा असलेले अर्जही असायचे. ते वर कसे सरकतात हे मी वेगळं सांगायला नको.

आणि ती पावती. समजा बीजक ५०,००० डॉलरचं होतं आणि वितरकाने १,१८० च्या भावाने ५.९ कोटी क्वाचा भरले. डॉलर मिळायच्या आत भाव १,७०० झाला. आता ८.५ कोटी लागतात. वरचे २.६ कोटी कोण भरणार? पावतीत लिहिलेलं नसतं, आणि बँक तर मुळीच भरत नाही. २०२३ च्या त्या आठवड्यात माझ्या ओळखीतले कितीतरी वितरक एका रात्रीत अडचणीत आले. म्हणून वितरकाकडून आजच लेखी घ्या की देणं डॉलरमध्येच आहे आणि भावातला फरक तो सोसेल. अधिकृत आणि बाहेरच्या भावात आत्ता जे अंतर आहे ते बघता पुढचा धक्का कधीही येऊ शकतो.

सध्या अडकलेल्या पैशांसाठी त्याला तीन गोष्टी विचारा. पैसे कोणत्या बँकेत भरलेत? ज्या बँकेत तंबाखू कंपन्या किंवा मोठ्या स्वयंसेवी संस्थांची खाती आहेत, तिच्याकडे स्वतःचे डॉलर येतात आणि ती रिझर्व्ह बँकेच्या तोंडाकडे बघत बसत नाही. खातं हलवणं वितरकाला जड जाईल, पण बऱ्याचदा सुटका तिथेच होते. अर्ज कोणत्या तारखेला आणि कोणत्या वर्गात नोंदला गेलाय? आणि रक्कम तुकड्यांत घेतली तर चालेल असं बँकेला सांगितलंय का? आठ-दहा हजार डॉलरचे तुकडे हंगामात सहज सुटतात, ५०,००० ची रक्कम सगळ्यांच्या डोळ्यांवर येते.

भारतातल्या बाजूला तुमच्या बँकेला ताबडतोब लेखी कळवा. निर्यातीचे पैसे ठरलेल्या मुदतीत आले नाहीत तर मुदतवाढ मागावी लागते, आणि ग्राहकाने स्थानिक चलनात भरणा केल्याचा कागद तिथे उपयोगी पडतो. ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची, पॉलिसी असेल तर ग्राहकाच्या देशातून पैसे बाहेर पडायला होणारा उशीर हा तिच्यातला एक धोका असतो. मात्र दावा कधी करायचा याच्या मुदती काटेकोर असतात, त्या आजच वाचा. पुढचा माल आगाऊ रकमेवर किंवा तिसऱ्या देशातल्या चांगल्या बँकेने हमी दिलेल्या एलसीवरच, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने पैसे देण्याची लेखी हमी घेतलेल्या पतपत्रावरच, पाठवा. नुसती तिथल्या बँकेची एलसी तुम्हाला वितरकाच्या बुडण्यापासून वाचवते, डॉलरच्या टंचाईपासून नाही.

वितरक कदाचित सुचवेल, दुबईतून माझा मित्र देतो. तिसऱ्या पक्षाकडून पैसे घेण्याचे आपल्याकडे नियम आहेत, आधी स्वतःच्या बँकेला विचारा आणि तिने लेखी होकार दिल्याशिवाय काही स्वीकारू नका. तो डॉलर मलावीतून कसा बाहेर पडला हे तिथल्या विनिमय नियंत्रण कायद्याच्या कक्षेत येतं, आणि पकडला जातो तो वितरक. मग तुमची उरलेली उधारीही गेली.

एक सरळ वाट आहे, ती आपल्या तुरीची. मलावीत तूर पिकते आणि तिचा मोठा गिऱ्हाईक भारत आहे. २०२१ च्या करारात भारताने वर्षाला ५०,००० टन तूर मलावीकडून घेण्याचं कबूल केलं होतं. उलटही घडलंय. २०१७ साली दिल्लीने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, तेव्हा मलावीतल्या शेतकऱ्याच्या तुरीला भावच राहिला नाही आणि तिथल्या बँकांकडे येणारे तेवढे डॉलर आटले. तूर पाठवणाऱ्या तिथल्या व्यापाऱ्यांच्या खात्यात साधारण ऑगस्टपासून पुढचे काही महिने डॉलर येत असतात, नेमके तंबाखूचा हंगाम सरत आल्यावर. असा व्यापारी ज्या बँकेचा ग्राहक आहे, त्याच बँकेत तुमच्या वितरकाचा अर्ज असेल तर बँक दोन्हींची सांगड घालू शकते, अधिकृत भावाने, सगळी कागदपत्रं नीट ठेवून. वितरकाला सांगा, बँकेच्या ट्रेझरीतल्या माणसाला भेटून विचार की तुरीचे ग्राहक तुमच्याकडे कोण आहेत आणि त्यांचे पैसे कधी येतात. नाव ते सांगणार नाहीत, पण महिना सांगतील, आणि अर्ज त्या महिन्याच्या आधी पूर्ण कागदपत्रांसह तयार ठेवायचा.